धातूच्या नकली तलवारीची मूठ जुनी, हाताळलेली कशी दिसेल?

पडद्यामागचा
नाटकातली तलवार आहे. पातं बोथट, मूठ ओतीव धातूची, पिवळी आणि आरशासारखी चकचकीत. वर परज (हाताला आड येणारा भाग), खाली गोल कटोरी, मधे बोटांसाठी फुगीर भाग, सगळीकडे वेलबुट्टी. चुंबक चिकटत नाही. गोष्टीत ही तलवार तीन पिढ्या वापरातली आहे, पण दिव्यांखाली ती बक्षिसात मिळालेल्या ट्रॉफीसारखी दिसते. मोरचूद, व्हिनेगर, फेरिक क्लोराइड असे बरेच उपाय सुचवले जातात. नट ती उघड्या हाताने धरणार आहे आणि कपड्यांना डाग लागून चालणार नाही. सुरुवात कुठून करावी?

कानस
रसायनांच्या बाटल्या आधी लांब ठेवा. पिवळं दिसतं ते सगळं पितळ नसतं, आणि पितळेवर चालणारं रसायन जस्तावर नासधूस करतं.

चुंबक चिकटत नाही म्हणजे लोखंड किंवा साधं पोलाद नाही, एवढंच कळलं. (३०४ जातीच्या स्टेनलेसलाही चुंबक चिकटत नाही, पण ते पिवळं नसतं.) आता कटोरीच्या खालच्या बाजूला किंवा पातं बसतं त्या खोबणीत बारीक कानशीने दोन मिलिमीटर घासा. आतपर्यंत पिवळंच राहिलं तर पितळ. आत निळसर करडा रंग निघाला तर जस्ताची मिश्रधातू आणि वर मुलामा. आत पांढरं, मऊ आणि मूठ हाताला हलकी, तर ॲल्युमिनियम.

ओतारी
कानस लावायची नसेल तर वजनावरून ओळखता येतं, फक्त मूठ पात्यापासून सुटी हवी आणि आत पोकळी नको. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा. मूठ दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. काटा जे ग्रॅम दाखवेल तेवढे मिलिलिटर मुठीचं आकारमान. कोरड्या वजनाला त्याने भागा. ॲल्युमिनियम २.७, जस्ताची मिश्रधातू ६.६ ते ६.७, पितळ ८.४ ते ८.७ च्या आसपास येतं. म्हणजे ४०० ग्रॅमची मूठ जस्ताची असेल तर काटा साधारण ६० दाखवेल, पितळेची असेल तर ४७. फरक एवढा मोठा आहे की थोडीशी चूक खपून जाते. मात्र पृष्ठभागाला चिकटलेले हवेचे बुडबुडे झटकून टाका.

पडद्यामागचा
कानशीने घासून पाहिलं. पिवळ्याखाली पांढरा चमकदार पातळ थर, मग गुलाबीसर, मग करडं. हे काय आहे?

ओतारी
जस्ताची ओतीव मूठ. त्यावर आधी तांबं, मग निकेल, सर्वांत वर पितळेचा किंवा सोनेरी मुलामा. शोभेच्या वस्तूंवर हाच क्रम नेहमी असतो. गुलाबी दिसलं ते तांबं, पांढरं ते निकेल.

आता फेरिक क्लोराइड पूर्ण बाद. तांब्या-पितळेला ते शिस्तीत खातं, पण जस्त आणि ॲल्युमिनियमवर पडलं की फसफसतं, तापतं आणि हायड्रोजन सोडतं. मुलाम्याच्या एखाद्या छिद्रातून आत शिरलं तर खालचं जस्त पोखरतं आणि वरचा मुलामा फोडासारखा उचलला जातो. तो मग पापुद्र्याने निघतो, आणि असला पापुद्रा जुन्या तलवारीवर कधी दिसत नाही. व्हिनेगर-मिठाचंही तेच, फक्त संथ गतीने. मोरचूद जस्तावर लगेच काळपट तपकिरी थर बसवतो, फोटोत तो छान दिसतो, पण ती तांब्याची सैल भुकटी असते. बोटाला लागते, कपड्यालाही लागते.

तुमच्या मुठीला दोनच गोष्टी हव्यात: घासणं आणि रंग.

रंगपेटी
ओतारींशी सहमत. रंगाकडे येण्याआधी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. झीज हाताने होते, मळ आणि गंज हवेने. दोन्ही एकाच जागी बसत नाहीत. जिथे तळहात रोज लागतो तिथे धातू उजळ आणि गुळगुळीत असतो, जिथे बोट पोचत नाही तिथे काळं साचतं. नवशिक्या कामात ९० टक्के वेळा सगळ्या मुठीवर सारखाच तपकिरी हात फिरवलेला असतो आणि वस्तू जुनी नाही, नुसती घाणेरडी दिसते.

हातात तलवार धरून बघा. उजव्या हाताने धरणाऱ्याच्या अंगठ्याची आणि तर्जनीची जागा, फुगीर भागाचा माथा, मनगटाला घासणारी कटोरीची कड, कमरेला लावल्यावर अंगाकडे येणारी परजेची बाजू, परजेची दोन्ही टोकं. या जागा झिजणार. समोरची बाजू आणि अंगाकडची बाजू सारखी झिजलेली असेल तर डोळ्याला लगेच खटकतं, का ते बघणाऱ्याला सांगता येत नाही एवढंच. पातळ मार्करने या जागांवर आधी खुणा करून घ्या.

कानस
त्याही आधी साच्याची रेघ काढा. ओतीव मुठीला दोन्ही अंगांनी एक बारीक उभी शिवण असते. कितीही सुंदर रंगकाम केलं तरी ती शिवण दिसली की खेळ संपला. सपाट बारीक कानस, मग २२० चा पॉलिश पेपर, मग ४००.

नंतर कडा. साच्यातून निघालेल्या कडा एकसारख्या धारदार असतात. ४०० च्या कागदाने झिजणाऱ्या जागांच्या कडा अर्धा मिलिमीटर गोल करा. नक्षीतली उंच पानंफुलं तिथे थोडी सपाट करा, आतल्या खाचा सोडून द्या.

ओरखडे सगळे एका दिशेने नकोत. घासणीचे गोल ओरखडे तर अजिबात नकोत, ते भांड्यावर शोभतात. परजेवर लांब तिरपे, कटोरीवर छोटे उलटसुलट. किल्ल्यांचा जुडगा किंवा साखळी सैल हाताने आपटली की अनियमित खुणा मिळतात. पण जस्ताच्या मुठीवर हातोडी चालवू नका. पोलाद आणि पितळ पोचा घेतात, ओतीव जस्त मात्र पातळ जागी सरळ तडकतं. परजेचं टोक तुटलं तर पुन्हा झाळून जोडणं सोपं नाही, ती मिश्रधातू ३८० अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळायला लागते.

मेणबत्ती
एक शंका. मुलामा घासून खालचं करडं उघडं पडलं तर तलवार नकली आहे हे उघड होणार नाही का? खरं पितळ कितीही झिजलं तरी पिवळंच राहतं.

रंगपेटी
चांगला मुद्दा. म्हणून आधी ठरवायचं की ही मूठ गोष्टीत कशाची आहे.

भरीव पितळेची असं ठरलं तर मुलामा फाडायचाच नाही. ०००० नंबरच्या (सर्वांत बारीक) स्टील वूलने फक्त चमक मारायची आणि बाकी सगळं रंगाने करायचं. चुकून करडं निघालंच तर तिथे सोनेरी-पितळी मेणाचा ठिपका बोटाने दाबून लावा.

लोखंडावर सोन्याचं काम असं ठरलं तर हेच करडं तुमच्या बाजूने उभं राहतं. कोफ्तगिरीत लोखंडाच्या पृष्ठभागावर आधी बारीक आडव्याउभ्या रेघांची जाळी खोदतात आणि त्या खरखरीत जागेवर सोन्याची तार किंवा वर्ख ठोकून बसवतात. सोनं झिजलं की खाली काळपट लोखंड दिसतं आणि त्यावर ती जाळी. तेव्हा झिजलेल्या जागी मुलामा घासून काढा, सुईने किंवा टोकदार कोरणीने अर्ध्या मिलिमीटरहून कमी अंतरावर फुलीच्या रेघा मारा आणि काळा पातळ रंग भरून पुसून घ्या. जवळून पाहणाराही क्षणभर थबकतो.

ओतारी
निकेल उघडं पडत असेल तर वर पारदर्शक थर द्यायला विसरू नका. काहींच्या त्वचेला निकेल सोसत नाही, खाज आणि पुरळ येतं, आणि इथे तर घामेजलेला हात आहे.

पडद्यामागचा
लोखंडावर सोनं, हेच ठरवलं. कडा गोल झाल्या, झिजलेल्या जागा करड्या झाल्या. आता रंगाचं नीट सांगा, प्रमाणासकट.

रंगपेटी
पहिलं काम सफाई. भांड्यांचा साबण आणि दात घासायचा ब्रश, मग कोमट पाणी, पूर्ण कोरडं, मग ॲसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन पुसणं. कारखान्यातून लाखेसारखा पारदर्शक थर आलेला असतो, तो ॲसिटोनने बहुधा सुटतो. इथून पुढे हातमोजे. पाणी टाकून बघा: पाणी एकसंध पडद्यासारखं पसरलं तर स्वच्छ, थेंब थेंब होऊन पळालं तर अजून तेलकट.

चकचकीत मुलाम्यावर ॲक्रिलिक रंग धरत नाही, नखाने निघतो. म्हणून आख्ख्या मुठीवर ०००० स्टील वूल, मग मॅट पारदर्शक स्प्रेचे दोन अगदी पातळ हात. २५ सेंटिमीटर अंतरावरून, दोन थरांच्या मधे १५ मिनिटं. हा थर धातू आणि रंग यांच्यामधला दुवा. दिवसभर सुकू द्या.

पहिला वॉश, म्हणजे पाण्यासारख्या पातळ रंगाचा हात, काळा. एक भाग काळा ॲक्रिलिक, थोडा बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), आठ ते दहा भाग पाणी आणि साबणाचा एक थेंब. साबण नसेल तर पाणी खाचेत न शिरता वर गोळा होतं. हातभर जागा एकदम रंगवू नका. एक बाजू रंगवा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग किंचित ओलसर फडक्याने उंच भाग पुसा. पुसताना फडकं हात ज्या दिशेने सरकतो त्याच दिशेने फिरवा. सुकल्यावर दुसरा वॉश, या वेळी नुसता अंबर, आणि फक्त नक्षीच्या मुळाशी व परजेच्या सांध्यात.

त्यानंतर तेलरंगाचा वॉश. हे ऐच्छिक, पण खरी खोली इथेच येते. बर्न्ट अंबर तेलरंग एक भाग, व्हाइट स्पिरिट (तेलरंग पातळ करायचा द्रव) दहा भाग. लावून २०-३० मिनिटांनी कोरड्या ब्रशने कडा विरवायच्या. ॲक्रिलिक पाच मिनिटांत हट्ट धरून बसतं, तेलरंग तासभर तुमचं ऐकतो. खालचा थर ॲक्रिलिक असेल तर स्पिरिट त्याला त्रास देत नाही. एनॅमल रंगावर मात्र असं करू नका, खालचंही सुटून चिखल होतो.

गंजासाठी बाजारातल्या तयार रंगापेक्षा गेरू आणि काजळी उत्तम. गेरू म्हणजे आयर्न ऑक्साइडच, त्यामुळे रंग खोटा दिसायचा प्रश्न नाही. आधी गेरूत एक तृतीयांश काजळी मिसळून गडद तपकिरी, मग त्याच्या आत, त्याहून लहान जागेत नुसता गेरू. उलटा क्रम लावला किंवा नारंगी जास्त झाला की गंज शेंदूर लावल्यासारखा दिसतो. भुकटी मॅट वार्निशच्या थेंबात कालवा, नाहीतर हाताला येईल.

शेवटी शिसपेन्सिलीच्या ग्राफाइटची पूड बोटावर घेऊन करड्या कडांवर घासा. रंगाच्या चंदेरीपेक्षा ग्राफाइट खऱ्या लोखंडासारखं चमकतं.

गंजखोर
सगळं जस्ताभोवतीच फिरतंय. मूठ खऱ्या पोलादाची असेल तर रंग कशाला? खरा गंज तासाभरात येतो.

३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ४८० मिली, पांढरं व्हिनेगर ६० मिली, मीठ दीड चमचा. मीठ विरघळलं की स्प्रेच्या बाटलीत. धातू तेलमुक्त हवा, किंचित कोमट असेल तर उत्तम. फवारायचं, वाळू द्यायचं, पुन्हा फवारायचं. पाच-सहा फेऱ्यांत नारंगी पूर्ण बसतो. उरलेलं मिश्रण बंद बाटलीत ठेवू नका, ऑक्सिजन सुटत राहतो आणि बाटली फुगते. त्यात ब्लीच तर कधीच नाही, व्हिनेगरबरोबर क्लोरीन वायू सुटतो. काम खिडकीशी, चष्मा घालून.

पोलादावर जस्ताचा मुलामा असेल तर गंज येणारच नाही, पांढरी भुकटी येईल. जस्त स्वतः खपून पोलादाला वाचवतं. आधी व्हिनेगरमध्ये बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत जस्त उतरवा, मग पुढचं.

कानस
आणि हा नारंगी गंज तसाच ठेवायचा? त्याने तर तलवार बुडालेल्या जहाजातून काढल्यासारखी दिसते. वापरातल्या तलवारीचा रंग काळपट तपकिरी असतो, कारण कोणीतरी तिला तेल लावत आलेलं असतं.

गंजखोर
मान्य, अर्धंच सांगितलं. पुढचा भाग असा: गंज आलेली मूठ डिस्टिल्ड पाण्यात १५-२० मिनिटं उकळायची. लाल-नारंगी गंज काळा होतो, मॅग्नेटाइट बनतो. बाहेर काढून कोरडी करायची आणि तेल धुऊन काढलेल्या ०००० स्टील वूलने हलक्या हाताने वरची सैल भुकटी काढायची. (नवीन स्टील वूलला तेल असतं, ते तसंच वापरलं तर पुढच्या फेरीत डाग पडतात.) फवारा, उकळा, घासा, असं तीन-चार वेळा केलं की मखमली काळा-तपकिरी रंग येतो. मग झिजणाऱ्या जागा ६०० च्या कागदाने उजळा.

आणखी गडद हवा असेल तर कडक काळ्या चहाचा थंड काढा लावा. चहातलं टॅनिन लोखंडाबरोबर निळसर काळा रंग धरतं.

शेवटी मीठ आणि आम्ल मारणं आवश्यक. लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा, पाच मिनिटं बुडवा, भरपूर पाण्याने धुवा. हे टाळलं तर मेणाखाली गंज चालूच राहतो आणि महिन्याभरात फोड येतात.

ओतारी
उकळण्याआधी पातं काढून घ्या. मूठ राळेने किंवा लाखेने पात्यावर बसवलेली असेल तर ती उष्णतेने मऊ होते, इपॉक्सीही ढिलं पडतं. पातं निघतच नसेल तर उकळू नका, आणि द्रव लावण्याआधी पात्याच्या तोंडाशी वितळलेलं मेण भरून फट बंद करा. सांध्यातली बारीक फट द्रव आत ओढून घेते. बाहेरून सगळं छान वाळलेलं दिसतं आणि आत पात्याचा दांडा कुजत असतो. नाटकाच्या प्रयोगाच्या मधोमध पातं मुठीतून निसटलं तर समोरच्या माणसाचं काय होईल, याचा विचार करा.

आणि कोणाकडे खरोखरच जुनी तलवार असेल तर यातलं काहीही तिच्यावर करू नका.

मेणबत्ती
भरीव पितळेचं राहिलं. हिरवा कळंक कसा आणायचा?

ओतारी
सोपा आणि आटोक्यातला मार्ग लाकडाच्या भुशाचा. भुसा व्हिनेगरने ओलसर करा, हातात दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी टपकू नये, त्यात दोन-तीन चमचे मीठ. डब्यात मूठ त्यात पुरा, झाकण लावा, दर १२ तासांनी बघा. एक ते तीन दिवसांत ठिपक्याठिपक्याचा हिरवा-तपकिरी रंग येतो. भुशाचे कण जिथे टेकतात तिथे गडद, नाही तिथे फिकट, म्हणून तो ब्रशने रंगवल्यासारखा दिसत नाही.

पितळ नुसत्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवू नका. पृष्ठभागावरचं जस्त विरघळून निघतं, तांबं मागे राहतं आणि मूठ गुलाबी होते. झालीच तर धातूच्या पॉलिशने घासून परत आणता येते.

दुसरा मार्ग अमोनियाच्या वाफेचा. बंद डब्याच्या तळाशी अमोनिया, वर जाळीवर मूठ, द्रवाचा स्पर्श नाही. काही तासांत तपकिरी छटा, मूठ आधी मिठाच्या पाण्याने भिजवली असेल तर निळसर हिरवी. पण परज पितळी पट्टी थंडच वाकवून केलेली असेल तर हा मार्ग सोडा. ताण राहिलेलं पितळ अमोनियात तडकतं. ब्रिटिश फौजेच्या हिंदुस्थानातल्या काडतुसांची पितळी आवरणं पावसाळ्यात अशीच तडकायची, तबेल्यांतला अमोनिया त्याला कारण होता. ओतीव मुठीला हा धोका खूपच कमी.

हिरवं सगळीकडे ठेवू नका. खाचेत, कटोरीच्या खाली, रिव्हेटच्या भोवती. तळहाताच्या जागी हिरवं टिकूच शकत नाही. आणि तांब्याचे हे क्षार पोटात जायला नकोत, म्हणून वर थर हवाच.

पडद्यामागचा
रंग झाला. दोन अडचणी. मॅट स्प्रे मारल्यावर ग्राफाइटची चमक गेली, आणि खाचेत एका जागी पांढरट धुकं आलंय.

रंगपेटी
धुकं म्हणजे दमट हवेत स्प्रे मारला किंवा जाड मारला. स्प्रे उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं पाणी थरात अडकतं. कोरड्या दिवशी त्याच स्प्रेचा एक अगदी हलका हात मारा, खालचा थर क्षणभर विरघळून बहुतेक वेळा धुकं जातं. नाही गेलं तर तेवढ्यावर तेलरंगाचा वॉश, खाच आहे म्हणून खपेल.

ग्राफाइट नेहमी स्प्रेच्या नंतर. आता पुन्हा घासा आणि त्यावर स्प्रेऐवजी मेण. मायक्रोक्रिस्टलाइन मेण मिळालं तर उत्तम. केस वाळवायच्या यंत्राने मूठ हाताला सोसेल इतपत कोमट करा, चिमूटभर मेण फडक्याने पसरा, १० मिनिटांनी मऊ कापडाने चोळा. असे दोन हात. तळहाताची जागा जास्त चोळा, तिथे आपोआप उजळपणा येतो. जवसाचं तेल वापरणारेही आहेत, ते चिकट राहतं आणि तेलाने भिजलेली फडकी गोळा करून ठेवली तर स्वतःहून पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवावी किंवा पाण्यात बुडवावी.

कानस
देण्याआधी चाचणी घ्या. पांढरं सुती फडकं ओलं करून, थोडं मीठ टाकून, मुठीभोवती घट्ट गुंडाळा आणि पाच मिनिटं पिळत राहा. घामाच्या हाताची ही नक्कल आहे. फडक्यावर काळं किंवा तांबूस आलं तर त्या जागी आणखी एक हात.

मेणबत्ती
रंगमंचावर एवढी बारीक जाळी दिसणार तरी कोणाला?

रंगपेटी
पहिल्या रांगेपलीकडे कोणालाही नाही. मंचासाठी काळा आणि उजळ यांतला फरक वाढवा, खाचा जवळजवळ पूर्ण काळ्या आणि कडा अधिक उजळ. दहा मीटरवरून नजर तेवढंच टिपते. कॅमेरा जवळ येणार असेल तर उलट, सगळं दोन पायऱ्या मवाळ. निर्णय टेबलावर घेऊ नका. मूठ दिव्याखाली धरा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा आणि डोळे किलकिले करून बघा.

पडद्यामागचा
फडक्याची चाचणी घेतली. तर्जनीच्या जागी किंचित काळं आलं, बाकी स्वच्छ. तिथे मेणाचा हात देऊन परत घेतो.

कानस
मेण देण्याआधी ती जागा कोरड्या फडक्याने जोरात पुसून घ्या. ते बहुधा जादाचं ग्राफाइट आहे, मेणात कालवलं गेलं तर पुन्हा येत राहील.